भूदासीचा मुलगा, कॉसॅकांचा इतिहासकार

मिकोला कोस्तोमारोव (१८१७–१८८५) या युक्रेनी इतिहासकाराचे लेखन त्याच्या जन्मकथेशिवाय उलगडत नाही, असे माझे मत आहे. बाप व्होरोनेझ प्रांतातला जमीनदार, कॉसॅकांशी घराण्याचे नाते सांगणारा. आई त्याच्याच पदरची युक्रेनी भूदासी. लग्न लागले ते मुलाच्या जन्मानंतर. म्हणजे कायद्याने मुलगा बापाची मालमत्ता! १८२८ मध्ये भूदासांनीच पैशासाठी बापाचा खून केला आणि अकरा वर्षांचा मिकोला बापाच्या नातलगांकडे वारसाहक्काने गेला. आईने मालमत्तेतल्या आपल्या हक्कावर पाणी सोडून त्याला मोकळे केले.

इतिहासात राजे आणि सेनापती सापडतात, नांगर धरणारा का सापडत नाही, हा प्रश्न त्याला खारकिव विद्यापीठात पडला. ब्रेस्तच्या १५९६ मधील धर्मैक्यावरचा त्याचा पहिला प्रबंध धर्माधिकाऱ्यांना खटकला. मंत्री उव्हारोवच्या हुकमाने प्रती जाळण्यात आल्या. मग त्याने विषय घेतला लोकगीतांचा. कॉसॅकांच्या लढायांची ‘दूमा’ ही गाथागीते बहुधा आंधळे गायक कोब्झा या तंतुवाद्यावर म्हणत. आपल्याला पोवाडा आठवावा असाच हा प्रकार. असले गाणे इतिहासाचे साधन मानणे विद्वानांना तेव्हा हलके वाटे.

धोकाही तिथेच होता. त्याचा खारकिवचा स्नेही स्रेझ्नेव्हस्की याने छापलेल्या संग्रहातली कित्येक गीते पुढे बनावट ठरली, आणि कोस्तोमारोवने त्यांचा आधार घेतलेला होता. यामुळे त्याची पद्धत बाद होत नाही. बखरीलाही आपण हाच निकष लावतो: मजकूर कुणाकडून आला?

१८४६ मध्ये तो कीव्हला प्राध्यापक झाला. तिथे स्लाव लोकांचे स्वतंत्र, समान संघराज्य आणि भूदासमुक्ती यांसाठी एक गुप्त मंडळ निघाले. कवी शेव्हचेन्कोही त्याच वर्तुळातला. १८४७ मध्ये, लग्न तोंडावर असताना, कोस्तोमारोवला अटक झाली. वर्षभर पीटर्सबर्गच्या किल्ल्यात कैद, नंतर सारातोवला हद्दपारी. बोहदान ख्मेल्नित्स्कीवरचा मोठा ग्रंथ १८५७ मध्ये आला. दक्षिणेकडचे रूस लोक व्यक्तिस्वातंत्र्याकडे झुकतात आणि उत्तरेकडचे बलिष्ठ राज्यसत्तेकडे, हे त्याचे १८६१ चे प्रतिपादन मला फार सरसकट वाटते. तरी युक्रेनी समाजाचा वेगळा इतिहास त्याने रशियन राजधानीत, छापून मांडला, हे मोलाचे.

नियोजित वधू अलिना हिचे मधल्या काळात दुसरीकडे लग्न झाले. ती विधवा झाल्यावर, १८७५ मध्ये, दोघे विवाहबद्ध झाले. दृष्टी अधू झालेल्या कोस्तोमारोवने आपले आत्मचरित्र तिलाच सांगितले आणि तिने ते उतरवून घेतले.