स्टँड, क्लॅम्प आणि कॅपो : घेण्याआधी गणित करा

दिवाळी सरली की गोंदिया जिल्ह्यातील गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार आणि दंडार, तर रात्री खडी गंमत किंवा झाडीपट्टीचे नाटक. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील या रंगभूमीचे वैशिष्ट्य म्हणजे तिचे संगीत. गाणे आणि वाद्ये प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष वाजतात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, हे तुम्ही ऐकले असेल.

गायक कोण, पेटी कोण वाजवतो, हे आपण लगेच पाहतो. पण गायकासमोरचा मायक्रोफोन कोणी धरला आहे, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो धरलेला असतो एका लोखंडी स्टँडने. शेतातल्या उंचसखल जमिनीवर किंवा फळ्या टाकून उभारलेल्या मंचावर हा स्टँड उभा असतो. जवळून वायर जाते, मुले धावतात. तो कोलमडला तर कोणाच्या तरी डोक्यावर आदळेल, आणि वर्गणी काढून घेतलेला मायक्रोफोनही फुटेल. आज मोबाइल आणि लहानसा मायक्रोफोन असला की घरच्या खोलीतही गाणे ध्वनिमुद्रित करता येते. म्हणून शाळेसाठी, मंडळासाठी किंवा घरासाठी अशी वस्तू घेण्याची पाळी तुमच्यावरही येईल. त्या वेळी चकाकी पाहू नका. नववी-दहावीतले विज्ञान बरोबर न्या.

तीन पाय का?

प्रथम स्टँडचे पाय पाहू या. चार पायांचे टेबल अंगणात ठेवले तर बहुधा डुगडुगते. तिपाई मात्र कधी डुगडुगत नाही. कारण सोपे आहे. कोणत्याही तीन बिंदूंतून एक प्रतल जातेच. चौथा बिंदू त्याच प्रतलात असेल याची खात्री नसते. म्हणून उंचसखल जागेसाठी तीन पायांचा स्टँड उत्तम. जड गोल बैठकीचा स्टँड सपाट फरशीवर चांगला. त्याला पाय अडखळत नाहीत आणि जागाही कमी लागते. पण शेतातल्या ढेकळांवर तो डोलू लागतो.

तिपाईत एक उणीव मात्र आहे. प्रत्येक पाय मधल्या दांड्यापासून 30 सेंटीमीटर लांब आहे असे समजा. तिन्ही पायांची टोके जोडली की त्रिकोण तयार होतो. दांड्यापासून या त्रिकोणाच्या बाजूपर्यंतचे अंतर किती? कागदावर काढून मोजा. ते 30 नव्हे, फक्त 15 सेंटीमीटर भरेल! गुरुत्वमध्यातून काढलेली उभी रेषा या त्रिकोणाच्या आत आहे तोवर स्टँड उभा राहतो. ती बाहेर गेली की तो पडतो. म्हणजे दोन पायांच्या मधल्या दिशेने स्टँडची ताकद निम्मीच असते. कार्यालयातल्या फिरत्या खुर्चीला पाच पाय का असतात, हे आता तुमच्या ध्यानात येईल. पाच पायांत हे अंतर पायाच्या लांबीच्या सुमारे 81 टक्के असते.

आडवा दांडा आणि 50 ग्रॅमचा ओढा

पेटीवादकासमोर किंवा तबल्यावर मायक्रोफोन आणायचा तर स्टँडला आडवा दांडा लागतो. येथे खरा धोका सुरू होतो. एक उदाहरण सोडवू या.

स्टँडचे वजन 2 किलोग्रॅम आहे. आडवा दांडा 300 ग्रॅमचा असून त्याचा मध्य उभ्या दांड्यापासून 35 सेंटीमीटरवर आहे. टोकाला, 70 सेंटीमीटरवर, 300 ग्रॅमचा मायक्रोफोन आहे. तर

300 × 70 + 300 × 35 = 31,500

हे झाले ग्रॅम-सेंटीमीटरमध्ये आघूर्ण. याला एकूण वजनाने, म्हणजे 2,600 ग्रॅमने भागले की सुमारे 12 सेंटीमीटर येतात. संपूर्ण रचनेचा गुरुत्वमध्य उभ्या दांड्यापासून इतका पुढे सरकला. मायक्रोफोन दोन पायांच्या मधोमध आला असेल तर त्रिकोणाची कड 15 सेंटीमीटरवर आहे, म्हणजे शिल्लक उरले फक्त 3 सेंटीमीटर. अशा स्टँडला दीड मीटर उंचीवर केवळ 50 ग्रॅम वजनाइतका पुढे ओढा बसला तरी तो कलंडतो. कोणाच्या पायात वायर अडकली तर ओढा याहून किती तरी मोठा असतो.

आता दुकानात एक पैसाही जास्त न देता हा स्टँड सुधारता येतो. तो फिरवा आणि एक पाय नेमका मायक्रोफोनच्या खाली आणा. गुरुत्वमध्यापासून जवळची कड आता सुमारे 9 सेंटीमीटरवर जाते. सर्वांत कमकुवत दिशेनेही स्टँड आता 150 ग्रॅमपर्यंतचा ओढा सोसतो. म्हणजे स्थैर्य तिप्पट झाले.

याहून चांगला उपाय म्हणजे मधल्या दांड्याच्या तळाशी 3 किलोग्रॅम वाळूची पिशवी बांधणे. मायक्रोफोन पुन्हा दोन पायांच्या मधोमध आहे असे समजू या. एकूण वजन 5,600 ग्रॅम होते आणि गुरुत्वमध्य दांड्यापासून साडेपाच सेंटीमीटरवर परत येतो. त्याच अडचणीच्या दिशेने आता 350 ग्रॅमचा ओढा लागेल. म्हणजे ताकद सातपट! आडव्या दांड्याच्या मागच्या टोकाला वजन लावण्याची सोय असेल तर तीही उपयोगी पडते. 20 सेंटीमीटर मागे दीड किलोग्रॅम वजन लावले की पुढचे आघूर्ण जवळजवळ फिटते. तराजूच्या संदर्भात जो तरफेचा नियम तुम्ही शिकलात, तोच हा.

स्टँड घेताना आणखी दोन गोष्टी पाहा. आडवा दांडा धरणारा सांधा घट्ट करा आणि टोकाला मायक्रोफोन लावून काही मिनिटे थांबा. दांडा हळूहळू खाली येत असेल तर तो स्टँड घेऊ नका. सांध्यातल्या चकतीचा व्यास मोठा असेल तर तेवढ्याच घर्षणाने जास्त आघूर्ण तोलले जाते. दुसरी गोष्ट आट्यांची. मायक्रोफोनच्या स्टँडवर मुख्यतः दोन मापांचे आटे असतात : 5/8 इंच आणि 3/8 इंच. मायक्रोफोनची पकड कोणत्या मापाची आहे ते आधी पाहा, किंवा मापे जुळवणारी छोटी पितळी कडी बरोबर घ्या.

क्लॅम्पची पकड

घरी जागा कमी असेल तर टेबलाच्या कडेला क्लॅम्प लावून त्यावर मायक्रोफोनचा हात बसवतात. सुताराच्या सी-क्लॅम्पचेच हे भावंड. त्याच्या स्क्रूला आटे 2 मिलीमीटर अंतरावर असतील आणि तुम्ही 5 सेंटीमीटर लांबीच्या मुठीने तो फिरवत असाल, तर मुठीचे टोक एका फेऱ्यात सुमारे 314 मिलीमीटर जाते आणि स्क्रू केवळ 2 मिलीमीटर सरकतो. म्हणून बोटांच्या जोराचे फार मोठे बल होते. त्यातला बराच भाग घर्षण खाऊन टाकते, पण त्या घर्षणाला नावे ठेवू नका. हात काढल्यावर स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही, तो त्याच्याच कृपेने.

हात 60 सेंटीमीटर लांब, स्वतः 600 ग्रॅमचा आणि टोकाला 300 ग्रॅमचा मायक्रोफोन असेल तर कडेवरचे आघूर्ण 36,000 ग्रॅम-सेंटीमीटर होते. क्लॅम्पचा जबडा टेबलावर केवळ 5 सेंटीमीटर आत जात असेल तर ते तोलायला सुमारे 7 किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. जबडा 10 सेंटीमीटर आत जाणारा असेल तर निम्मे बल पुरते. म्हणून खोल जबड्याचा क्लॅम्प निवडा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आठवून जबड्याखाली प्लायवूडचा तुकडा ठेवा. टेबलावर खळगा पडणार नाही.

टेबलावरच्या मायक्रोफोनची एक खोड आहे. टेबलावर पेन ठेवले तरी त्याचा ठोका लाकडातून आणि क्लॅम्पमधून मायक्रोफोनपर्यंत पोहोचतो, कारण घन पदार्थातून ध्वनी सहज जातो. मध्ये रबर किंवा फोम घाला. पेटी त्याच टेबलावर असेल तर क्लॅम्पऐवजी जमिनीवरचा वेगळा स्टँडच बरा.

कॅपो : तारेवरचा चिमटा

आता गिटारकडे वळू या. कॅपो हाही क्लॅम्पच, पण तो सहा तारा एकदम दाबतो. हे नाव इटालियन भाषेतल्या ‘कॅपोतास्तो’ या शब्दावरून आले आहे.

तारेची लांबी कमी केली की वारंवारता वाढते. गिटारची मोकळी तार 65 सेंटीमीटर असेल आणि कॅपो दुसऱ्या पडद्यावर लावला, तर कंप पावणारी लांबी सुमारे 57.9 सेंटीमीटर उरते. 110 हर्ट्झचा स्वर 123.5 हर्ट्झवर जातो. प्रत्येक पडद्यामागे वारंवारता सुमारे 1.06 पट होते.

आपल्याकडे गायक ‘माझी काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असे सांगतो. गिटारवाला पांढरी एकच्या बोटांनी वाजवत असेल तर कॅपो पहिल्या पडद्यावर लावताच काळी एक होते, दुसऱ्यावर पांढरी दोन, आणि पाचव्यावर पांढरी चार. बोटांची ठेवण मात्र तीच राहते.

पण सावधान! पेटीच्या पट्ट्यांचे स्वर ठरलेले असतात. ते गिटारसाठी बदलणार नाहीत. कॅपोने तारा गरजेपेक्षा जास्त दाबल्या तर ताण वाढतो आणि स्वर चढतो. वारंवारता ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असते, म्हणून ताण 2 टक्के वाढला तरी स्वर 1 टक्का चढतो. हा फरक एका अर्ध्या स्वराच्या सहाव्या भागाइतका आहे आणि पेटीशेजारी तो कानाला खुपतो. म्हणून कॅपो पडद्याच्या अगदी मागे लावा आणि लावल्यावर तारा पुन्हा जुळवून घ्या. स्प्रिंगचा कॅपो चटकन बदलता येतो, पण त्याचा दाब ठरलेला असतो. स्क्रूच्या कॅपोचा दाब हवा तेवढा ठेवता येतो. नायलॉन तारांच्या गिटारची पट्टी बहुधा सपाट असते आणि पोलादी तारांच्या गिटारची किंचित फुगीर. कॅपोही त्याच आकाराचा हवा. चुकीच्या आकाराच्या कॅपोने काही तारा नीट दबत नाहीत आणि खरखरतात.

करून पाहा

शाळेतला तानकाटा घ्या. मायक्रोफोनऐवजी 300 ग्रॅम वाळूची पिशवी आडव्या दांड्याला बांधा. तानकाटा स्टँडच्या वरच्या भागाला अडकवून हळूच आडवा ओढा. स्टँड कोणत्या वाचनाला कलंडू लागतो ते लिहा. एका मित्राने स्टँड सावरायला तयार राहावे. प्रथम दोन पायांच्या मधल्या दिशेने, मग पायाच्या दिशेने आणि शेवटी तळाशी पिशवी बांधून, अशी तीन वाचने घ्या. तुमचे आकडे आमच्या आकड्यांहून वेगळे येतील, कारण तुमच्या स्टँडचे वजन आणि पाय वेगळे आहेत. ते का वेगळे आले हे वहीत गणिताने दाखवा. पुढच्या मंडईत किंवा स्नेहसंमेलनात स्टँड कोठे ठेवावा आणि त्याचा कोणता पाय कोठे वळवावा, हे ठरवायला तीच वही उपयोगी पडेल.