फी माफ, पण खात्यात पैसे हवेत

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यालाही शिक्षणशुल्क नाही, हे खरं. अपवाद आहेतच: बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं.

खरी मेख व्हिसापाशी आहे. वर्षभराच्या खर्चाची तरतूद आधीच दाखवावी लागते. त्याचा रूढ मार्ग म्हणजे ‘श्पेरकोंटो’, अर्थात अडकवून ठेवलेलं खातं. सप्टेंबर २०२४ पासून त्यासाठीची रक्कम ११,९०४ युरो झाली. पैसे विद्यार्थ्याचेच, पण महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. म्युनिकमध्ये त्यातला मोठा घास खोलीभाडंच घेतं. लाइप्झिगमध्ये त्याच पैशांत बरं भागतं. तेव्हा विद्यापीठाच्या नावाइतकाच शहराचाही विचार करावा, जो घरोघरी राहून जातो.

भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून ‘एपीएस’ प्रमाणपत्रही लागतं. गुणपत्रिका नि पदव्या अस्सल आहेत का, याची ती तपासणी. वेळ खाते, म्हणून हा अर्ज सगळ्यात आधी.

शिकताना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस कामाची मुभा आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी बऱ्याच कंपन्या मुलाखतीत जर्मन विचारतात. पुण्यातल्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायला सुरुवात निघण्यापूर्वीच करता येते.