फर्निचरच्या संकल्पनात प्रत्यक्ष प्रतिकृतीचे स्थान

प्रस्तावना

फर्निचर ही केवळ पाहण्याची नव्हे, तर शरीराने वापरण्याची वस्तू आहे. कागदावरील किंवा संगणकाच्या पडद्यावरील आरेखन खुर्चीचे माप व रूप दाखवते. परंतु बसल्यावर पाठीला आधार कोठे मिळतो, मागे रेलल्यावर खुर्ची कलते काय, हे त्यातून पुरतेपणी कळत नाही. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने प्रतिकृतीच्या कार्याचा विचार केला आहे.

प्रतिकृतीचे टप्पे

सामान्यतः हे काम तीन टप्प्यांत होते. १:१० प्रमाणाच्या पुठ्ठ्याच्या प्रतिकृतीत भागांची परस्पर प्रमाणबद्धता तपासली जाते. १:५ प्रमाणात पातळ लाकूड वापरून सांधे व जोडणीचा क्रम ठरवला जातो. पूर्णाकार प्रतिकृतीत बैठकीची उंची, उतार व पाठीचा कोन निरनिराळ्या बांध्याच्या व्यक्तींना बसवून पडताळला जातो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सर्व मापे एक-दशांश केली असता लाकडाच्या छेदाचे क्षेत्रफळ १/१००, तर वजन १/१००० होते. त्यामुळे स्वतःच्या वजनाचा ताण एक-दशांशच राहतो व लहान प्रतिकृती वाजवीपेक्षा मजबूत भासते. मजबुतीचा निर्णय म्हणूनच पूर्णाकार प्रतिकृतीवर घ्यावा लागतो.

एक उदाहरण

अमेरिकन संकल्पक चार्ल्स ईम्स व एरो सारिनेन यांनी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या १९४० च्या स्पर्धेसाठी बैठक व पाठ एकसंध असलेली प्लायवूडची खुर्ची सादर केली. तिला पारितोषिक मिळाले. परंतु तीव्र वळणांवर प्लायवूड तडकत असल्याने ते कवच कापडाने झाकावे लागले. पुढे चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने लॉस एंजेलिस येथील आपल्या घरात प्लास्टरचा साचा, विजेची उष्णता व सायकलचा पंप यांच्या साहाय्याने प्लायवूड वाकवण्याचे प्रयोग चालू ठेवले. १९४२ मध्ये त्यातून अमेरिकन नौदलासाठी जखमी पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या तयार झाल्या. अखेरीस त्यांनी एकसंधतेचा आग्रह सोडला. बैठक व पाठ वेगळे करून प्रत्येकास सौम्य वळण दिले आणि रबराच्या चकत्यांनी ते सांगाड्यास जोडले. ही खुर्ची १९४६ मध्ये त्याच संग्रहालयात प्रदर्शित झाली. येथे प्रतिकृतीने चूक दाखवलीच, शिवाय मूळ कल्पनाही बदलली, हे लक्षणीय आहे.

अध्यापनातील महत्त्व

याच दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला सादर केलेला अहवाल अहमदाबाद येथील राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या १९६१ मधील स्थापनेस आधारभूत ठरला. असे असूनही, जेथे केवळ अंतिम आरेखनास गुण दिले जातात, तेथे विद्यार्थी फसलेली प्रतिकृती टाकून देतो आणि तिच्यासोबत त्याच्या विचारप्रक्रियेचा पुरावाही नष्ट होतो. प्रत्येक प्रतिकृती दिनांकासह जतन करणे, तिच्यात काय बिघडले व पुढे काय बदलले याची नोंद ठेवणे आणि त्या नोंदीस मूल्यमापनात स्थान देणे इष्ट ठरते.

समारोप

पुठ्ठ्यातील चूक काही मिनिटांत सुधारते. तीच सागवानात झाली तर लाकूड, मजुरी व वेळ तिन्ही वाया जातात. सारांश, प्रतिकृती ही पूर्ण झालेल्या विचाराची शोभेची प्रत नसून तो विचार घडवण्याचे साधन आहे. अध्यापकाने तिच्याकडे त्याच दृष्टीने पाहिले, तर अपयशातून शिकण्याची संधी विद्यार्थ्यास लाभेल.