पिशवीतली फाईल, फोनमधली फाईल

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास जवळच्या खेड्यातून एका गृहस्थांना दवाखान्यात आणले. वय सत्तरीच्या आसपास. कमरेच्या डाव्या बाजूला असह्य कळ, अंगाला दरदरून घाम, वाटेत दोन उलट्या झालेल्या. मुतखड्याची कळ ओळखायला फार मोठी हुशारी लागत नाही. अशा रुग्णाला आधी वेदनेतून मोकळे करायचे असते आणि त्यासाठी हाताशी असते ते डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन. सिस्टरने ते भरायलाही घेतले होते. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "डॉक्टर, यांना साखर आहे. मागं जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा किडनीचं कायतरी म्हणाले होते."

"कायतरी म्हणजे काय?"

ते काकूंना सांगता येईना. नातू पुढे झाला. "सगळं मोबाईलमध्ये आहे डॉक्टर, मीच ॲप टाकून दिलंय." त्याने ॲप उघडले. पडद्यावर रिपोर्ट नव्हते, सूचना होती : नवी आवृत्ती आली आहे, पुढे जाण्यासाठी अपडेट करा. बाहेर पाऊस, मोबाईलला रेंजची एक काडी. त्यात फोनमध्ये जागाच शिल्लक नाही. पोरगा बिचारा उभ्या उभ्या लग्नाचे व्हिडिओ पुसू लागला.

तोवर काकूंनी साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी उलटी केली. त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि चार घड्या घातलेले डिस्चार्ज कार्ड. त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर क्रिएटिनिन २.३ असा आकडा होता. प्रौढ पुरुषाच्या रक्तात तो साधारण १.३ पर्यंत असावा. म्हणजे काकांची मूत्रपिंडे आधीच निम्म्या ताकदीनेसुद्धा काम करत नव्हती. डायक्लोफिनॅकसारखी औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. उलट्यांनी अंगातले पाणी गेलेले असताना अशा रुग्णाची लघवी एका रात्रीत बंद पडू शकते. ते इंजेक्शन बाजूला ठेवले, सलाईनमधून पॅरासिटॅमॉल दिले आणि सकाळी त्यांना सोनोग्राफीसाठी पुढे पाठवले.

ॲप कोणते होते ते सांगत नाही, कारण तसे ॲप एकच नाही आणि दोष एकट्या ॲपचाही नव्हता. पण त्या रात्रीपासून मी येणाऱ्या प्रत्येक जुन्या रुग्णाला विचारतो, की तुमची फाईल फोनमध्ये आहे का, आणि असली तर शेवटची कधी उघडून पाहिली होती? बहुतेकांचे उत्तर एकच असते : "काढलं तेव्हा पाहिली होती."

हे काढणे म्हणजे काय, ते आधी पाहू. १५ ऑगस्ट २०२० रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान जाहीर केले. सुरुवातीला ते चंदीगड, लडाख, पुदुच्चेरी अशा सहा केंद्रशासित प्रदेशांत चालले आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने देशभर लागू झाले. त्यात प्रत्येकाला चौदा आकडी 'आभा' क्रमांक मिळतो. हा क्रमांक म्हणजे पाच लाखांच्या उपचारांचे आयुष्मान कार्ड नव्हे. ते कार्ड निराळे, त्याची योजना निराळी. आभा क्रमांक दाखवला म्हणून एक रुपयाही माफ होत नाही. बाहेर रांगेत तासभर उभे राहून हे आत आल्यावर कळते आणि मग रुग्ण माझ्यावर रागावतात, म्हणून मुद्दाम लिहिले.

आभाचे काम नोंदी एकमेकींना जोडण्याचे. तुम्ही या गावात रक्त तपासले, दुसऱ्या गावात दाखल झालात, तिसरीकडे डोळे दाखवले, आणि ती ठिकाणे या व्यवस्थेत सामील असली, तर सगळ्या नोंदी एका ॲपमधून पाहता येतात. अनेक लहान दवाखाने अजून सामील झालेले नाहीत, हेही खरे. आणखी एक समज दूर करायला हवा. या नोंदी दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या कोठारात भरलेल्या नाहीत, तशाच तुमच्या फोनच्या पोटातही नाहीत. ज्या इस्पितळाने नोंद केली, त्याच्याकडेच ती राहते. ॲप ही नुसती खिडकी आहे. दुसऱ्या डॉक्टरला त्या खिडकीतून पाहायचे असेल, तर तुमच्याकडे विनंती येते. कोण मागतो, कशासाठी, कोणत्या काळातल्या नोंदी आणि किती दिवसांपुरत्या, हे तीत लिहिलेले असते. हो म्हणायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे. दिलेली संमती मागेही घेता येते.

आता ही खिडकी सारखी दुरुस्त का करावी लागते? सरकारचे स्वतःचे ॲपच घ्या. मे २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्ती आली, तेव्हा त्याचे नावही बदलून 'आभा' झाले. ज्यांच्या फोनवर जुन्या नावाचे ॲप होते, त्यांतले काही जण नवे नाव पाहून गोंधळले असणार. नव्या सोयी आणि नवे नाव ही झाली दिसणारी कारणे. न दिसणारी दोन आहेत आणि ती अधिक महत्त्वाची आहेत. पहिले असे, की इस्पितळांचे संगणक आपापल्या पद्धतीने नोंदी लिहितात. त्या एकाच साच्यात वाचता याव्यात म्हणून ठरलेला साचा सुधारला, की खिडकीही सुधारावी लागते. दुसरे कारण चोरांचे. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये फटी राहून जातात. त्या सापडल्या, की बनवणारा बुजवतो आणि ती बुजवणी अपडेटच्या रूपाने तुमच्यापर्यंत येते.

फट बुजवली नाही तर काय होते, ते इंग्लंडने पाहिले आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा संगणकी विषाणू जगभर पसरला. तो फाईली कुलूपबंद करून खंडणी मागत असे. विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. पण इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या अनेक संगणकांना ती लावलीच गेली नव्हती. तिथल्या २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-संस्थांना त्याची झळ बसली आणि रुग्णांना दिलेल्या सुमारे १९ हजार वेळा रद्द झाल्याचा अंदाज निघाला. शस्त्रक्रियेसाठी उपाशीपोटी येऊन बसलेल्या माणसाला परत पाठवणे म्हणजे काय, हे दवाखान्यात काम करणाऱ्यालाच कळते.

आपल्याकडेही २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या 'एम्स'चे सर्व्हर असेच कुलूपबंद झाले. नोंदणी, रिपोर्ट, बिले, सगळे कित्येक दिवस कागद-पेनाने चालले. त्याचे कारण एखादे अपडेट राहून गेले हे नव्हते, अंतर्गत जाळ्याची रचना नीट नव्हती असे सरकारने संसदेत सांगितले. पण रुग्णाच्या दृष्टीने काय? त्या दिवसांत ज्याच्या हातात आपला कागद होता, त्याचे काम पुढे सरकले.

म्हणजे अपडेट केले की निश्चिंत व्हावे? तसेही नाही. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारी इस्पितळे आहेत आणि त्यांची संगणकीय नोंदपद्धती फार जुनी व नावाजलेली. तिथे ऑगस्ट २००८ मध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली. त्यानंतर असे आढळले, की डॉक्टरने एकापाठोपाठ दोन रुग्णांच्या नोंदी उघडल्या, तर कधी कधी दुसऱ्याच्या नावाखाली पहिल्याची माहिती दिसे. शिवाय औषध थांबवण्याची सूचना पडद्यावर स्पष्ट दिसेनाशी झाली. परिणामी काही रुग्णांच्या शिरेतून जाणारी औषधे ठरल्यापेक्षा जास्त वेळ चालू राहिली. त्यांत रक्त गोठू न देणारे हेपॅरिनही होते. कोणाला इजा झाल्याचे आढळले नाही, असे त्या खात्याने सांगितले, पण ही गोष्ट लोकांसमोर यायला जानेवारी २००९ उजाडला.

इतके लांब कशाला जायचे? माझ्याच दवाखान्यातल्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तेव्हा छापील चिठ्ठीवर तारीख आणि महिना यांची जागा बदलली. ५ एप्रिलला बोलावलेला रुग्ण ४ मे समजून घरी बसला. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या, तारीख नाही म्हणून आणल्या नाहीत. आमच्या कंपाऊंडरच्या लक्षात आले म्हणून बरे. मी स्वतः चार दिवस त्या चिठ्ठ्यांवर सह्या करत होतो आणि एकदाही तारीख वाचली नव्हती!

तेव्हा अपडेट करा, पण घरी बसून, सवडीने. रात्री रुग्णाला घेऊन धावताना ते काम निघू नये. रेंज चांगली असताना महिन्यातून एकदा ॲप उघडून पाहायचे. फोनमध्ये जागा नसेल, तर रोज पहाटे येणारे 'सुप्रभात'चे फोटो पुसले तरी बहुतेकांचे भागते. फार जुन्या फोनवर नवी आवृत्ती चढत नाही. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर तेच खाते उघडता येते का, ते आधीच पाहून ठेवावे. त्यात एक अडचण नेहमीची. खाते काढताना मोबाईल नंबर दिलेला असतो मुलाचा, मुलगा चाकणला रात्रपाळीत, आणि ओटीपी जातो त्याच्या फोनवर. ज्याची फाईल आहे, त्याच्याजवळ रात्री-अपरात्री जो फोन असतो, त्याचाच नंबर खात्याला असावा.

अपडेट झाले, की पहिल्यांदा नाव, जन्मसाल आणि लिंग वाचा. मग शेवटचे दोन रिपोर्ट उघडा, ते तुमचेच आहेत का पाहा, आकडे कागदाशी ताडा. आधी जोडलेली इस्पितळे यादीत आहेत की गळाली, तेही पाहा. कोणाकोणाला संमती दिलेली आहे, ते एकदा नजरेखालून घाला. दोन वर्षांपूर्वी एकदाच दाखवलेल्या ठिकाणाची संमती अजून चालू असली, तर काढून टाका. आणि व्हॉट्सॲपवर कोणी "आभा अपडेट करा" म्हणून फाईल किंवा लिंक पाठवली, तर ती उघडू नका, मग पाठवणारा सख्खा मेहुणा का असेना. ॲप फोनच्या अधिकृत दुकानातूनच घ्यावे. अशा फाईलींतून बँकेची खाती रिकामी झालेली माणसे तुमच्याही ओळखीत निघतील.

कागदाची फाईल टाकू नका. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, चालू औषधांची चिठ्ठी आणि कोणते औषध सोसत नाही याची नोंद, एवढे चार कागद तरी प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ठेवावेत. हरवले असतील, तर इस्पितळाकडून मागून घ्या. दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत डॉक्टरांना सांगितले आहे. त्यासाठी कोणापुढे ओशाळायचे कारण नाही.

काका आता बरे आहेत. खडा लहान होता, पडून गेला. महिन्याभराने तिघेही परत आले तेव्हा नातवाने अपडेट करून आणले होते. मी म्हणालो, "चला, माझ्यासमोर वाच." काकांचे जन्मसाल १९५६. ॲपमधल्या एका रिपोर्टवर ते १९६५ असे होते, आकड्यांची अदलाबदल. ही चूक अपडेटने केलेली नव्हती, ती नोंदणीच्या खिडकीवर झालेली आणि तेव्हापासून तशीच पडून होती. मूत्रपिंड किती काम करते, याचा हिशेब क्रिएटिनिन आणि वय मिळून करतात, म्हणजे नऊ वर्षांचा फरक औषधाच्या मात्रेपर्यंत पोचू शकतो. त्यांना आधारकार्ड घेऊन त्याच इस्पितळात दुरुस्तीला पाठवले. नातू फोन खिशात घालून निघाला. काकूंनी डिस्चार्ज कार्डाच्या पुन्हा चार घड्या घातल्या आणि ते साडीच्या पिशवीत ठेवले.