रव्यातलं जाळं, एक जिवाणू आणि फ्रीजर

ग्वारीघाटला आमच्याकडे चैतात वर्षाचा गहू भरतात. पावसाळ्यात रव्याचा डबा उघडावा तर वर जाळं, आत वळवळती अळी!

गंमत म्हणजे या अळीच्या गोतावळ्यातल्या पिठाच्या पतंगाचा वैरी गिरणीतच सापडला. जर्मनीत थुरिंगियातल्या गिरणीतल्या मेलेल्या अळीतून अर्न्स्ट बर्लिनर यांनी १९११ च्या सुमारास एक जिवाणू वेगळा काढला: बॅसिलस थुरिंजिएन्सिस. बीटी कापसातला 'बीटी' तो हाच. (जपानात इशिवाता यांना तो १९०१ मध्येच रेशीमकिड्यात दिसला होता.) त्याचं स्फटिकासारखं प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळतं आणि आतड्याला भोकं पाडतं. पतंगाच्या अळ्या धान्याच्या वरच्या थरातच असतात, म्हणून परदेशात कोठारात तेवढ्याच थरावर तो फवारत. सोंड्यांपुढे मात्र तो हतबल. शिवाय १९८५ मध्ये अमेरिकेत अळ्यांनी त्यालाही दाद न दिल्याचं आढळलं.

थंडीचं तसं नाही. १५ अंशांखाली बहुतेक धान्यकिडींची वाढ थांबते. आमच्या जानेवारीच्या रात्री तेवढ्या गार असतात, पण किडे नुसते थिजतात. मारायचे तर रवा घट्ट पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ४ दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. पिशवीला सुटलेला घाम वाळू द्या, नाहीतर रव्याला बुरशी धरेल.