साडेबारा तासांच्या अंतरावरून

घरून काम म्हटलं की बोलणं खुर्ची, इंटरनेट आणि पायजमा यांच्याभोवती फिरतं. या तिन्ही गोष्टी महिन्याभरात मार्गी लागतात. खरी अडचण कुणी आधी सांगत नाही. ऑफिसात जे बोलून भागतं ते इथे लिहावं लागतं, आणि वाचणारा त्या वेळी बहुधा झोपलेला असतो. साताऱ्यात किंवा रत्नागिरीत बसून एखाद्या अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनीत काम करायला निघालेल्या माणसापुढे काय काय येतं, ते क्रमाने बघू.

तसं पाहिलं तर आपला आयटी उद्योग जन्मापासूनच दूरस्थ. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरात केंद्र उघडलं ते उपग्रहाच्या जोडणीवर. इथे केलेलं काम आकाशातून अमेरिकेत जायचं. पुढे हिंजवडीत हजारो लोक रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये काढून ऑफिसात पोचू लागले, आणि पोचल्यावर बोलायचे ते न्यू जर्सीतल्या माणसाशी. फरक इतकाच, की तेव्हा हे अंतर सांभाळायला मधे माणसं होती. ऑनसाइट गेलेला कोऑर्डिनेटर असायचा, रात्रीचा क्लायंट कॉल घेणारा लीड असायचा. ज्युनियरला दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना, मराठीत, नेमकं काय करायचं ते कळायचं. थेट परदेशी टीममध्ये गेलात की हा मधला माणूस नसतो. त्याचं काम तुमच्याकडे येतं, आणि नोकरीच्या जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो.

पहिला आठवडा परवानग्यांचा. कुरिअरने लॅपटॉप येतो. तो कंपनीचा असतो आणि कंपनीच्या दूरनियंत्रणात असतो: कोणतं सॉफ्टवेअर टाकलं, डिस्क एन्क्रिप्ट आहे का, अपडेट झालंय का, हे सगळं तिकडे दिसतं. घरच्यांचे फोटो, मुलीची शाळेची पीडीएफ त्यावर ठेवू नका. व्हीपीएन, फोनवर येणारे ओटीपी, कोडच्या भांडारात प्रवेश, क्लाउडचा प्रवेश, प्रत्येकाची वेगळी विनंती, आणि मंजुरी देणारा वेगळ्याच खंडात. त्यामुळे पहिले तीन-चार दिवस हाताला फारसं काम नसतं. त्यात काही बिघडलंय असं समजू नका. नव्या माणसासाठी लिहिलेली सेटअपची माहिती उघडा आणि तिच्याप्रमाणे चाला. ती कुठे ना कुठे जुनी झालेली असते. जिथे अडाल ती जागा दुरुस्त करून पाठवा. कंपनीत तुमच्या नावावर लागणारा पहिला बदल हाच असला तर उत्तम. त्या ओळीपाशी पुढचा नवा माणूस अडणार नाही, आणि टीमला तुमचं नाव कळतं.

आता घड्याळ. उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, हिवाळ्यात साडेतेरा. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. न्यूयॉर्कचे नऊ संध्याकाळी साडेसहा किंवा साडेसातला वाजतात, लंडनचे दुपारी दीड किंवा अडीचला. आपण घड्याळ कधीच पुढे-मागे करत नाही, ते करतात. शिवाय अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी करते आणि युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत तिन्हीकडचे लोक असलेली प्रत्येक मीटिंग कुणाच्या तरी कॅलेंडरवर सरकते. मीटिंग ज्याने बोलावली त्याच्या घड्याळाला ती चिकटलेली असते. म्हणून मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या संधीवर आठवड्याच्या सुरुवातीला कॅलेंडर पुन्हा एकदा नीट बघावं.

टीम न्यूयॉर्कची असेल तर संध्याकाळचे दोन-तीन तास सामाईक मिळतात आणि संसार चालतो. टीम कॅलिफोर्नियाची असेल तर सामाईक वेळ म्हणजे एकतर आपली रात्र नाहीतर त्यांची. मुलाखतीत हे स्पष्ट विचारा: आठवड्यातून किती रात्री, किती वाजेपर्यंत. ‘लवचीक वेळ’ या उत्तरावर समाधान मानू नका. बहुतेक वेळा लवचीकपणा आपल्या बाजूचाच अपेक्षित असतो.

इथून खरा मुद्दा सुरू होतो. समजा सकाळी अकराला काम अडलं. तुम्ही चॅटवर लिहिलंत, ‘हाय, डिप्लॉय होत नाहीये, कुणी बघेल का?’ सॅन फ्रान्सिस्कोत आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेदहा वाजलेत. तिकडे सकाळ होते तेव्हा तुमची रात्र असते, आणि उत्तर येतं: ‘कोणत्या एन्व्हायर्नमेंटवर?’ ते तुम्ही दुसऱ्या सकाळी वाचता, उत्तर देता. त्या रात्री विचारणा होते, ‘लॉग पाठव.’ तिसऱ्या सकाळी तुम्ही लॉग पाठवता. शेजारच्या टेबलावर चार मिनिटांत मिटलं असतं ते तीन दिवस चाललं, आणि यात आळशी कुणीच नव्हतं.

हाच निरोप असा लिहिता येतो: मी काय करू पाहत होतो, कोणत्या ब्रँचवर, कोणत्या एन्व्हायर्नमेंटवर. एरर जशीच्या तशी, लॉगच्या दुव्यासकट. आतापर्यंत काय करून पाहिलं. माझा अंदाज काय. आणि शेवटी: ‘तुमचं वेगळं मत आलं नाही तर उद्या सकाळी मी जुन्या आवृत्तीवर परत जातो आणि दुसरं टिकेट घेतो.’ ही शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. तिच्यामुळे समोरच्याचं मौनही उत्तर ठरतं आणि तुमचा दिवस वाया जात नाही. असा निरोप लिहायला वीस मिनिटं लागतात. लिहिता लिहिता पुष्कळदा चूक स्वतःलाच सापडते आणि निरोप पाठवावाच लागत नाही.

कोडचंही तसंच. गिट हे साधन लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी बनवलं. जगभर विखुरलेले, कधीच एकत्र न बसणारे लोक एकाच कोडवर ईमेलने काम करत होते. त्यांच्या गरजेतून ते घडलं. प्रत्येकाकडे पूर्ण इतिहासासकट प्रत असते, नेट नसतानाही काम चालतं, आणि बदल नंतर एकत्र केले जातात. म्हणजे आज ज्याच्यावर सगळी ऑफिसं चालतात ते अवजार मुळात दूर बसलेल्यांचं आहे. त्यावर बदल मंजुरीला ठेवायचा, म्हणजे पीआर टाकायचा, तर तो लहान ठेवा. दोनशे ओळींचा बदल तिकडचा माणूस सकाळच्या कॉफीसोबत वाचून टाकतो. दोन हजार ओळींचा तो ‘नंतर बघतो’ म्हणून बाजूला ठेवतो, आणि त्याचं नंतर म्हणजे तुमचा परवा. काय बदललं हे कोडमध्ये दिसतंच, का बदललं ते वर चार ओळींत लिहा. रिव्ह्यूतले शेरे तुटक असतात: ‘हे का?’, ‘नको.’ आपल्याला ते खेकसल्यासारखे वाटतात. पण तोच माणूस स्वतःच्या बॉसच्या कोडवरही तसेच शेरे मारतो. चार-सहा पीआर होईपर्यंत राग आवरावा.

हे लिहिण्याचं प्रकरण टोकाला कुठवर जातं याचं उदाहरण म्हणजे गिटलॅब. ही कंपनी मुख्यालयाशिवाय चालते. तिचं कामकाजाचं हँडबुक छापलं तर दोन हजारांहून जास्त पानं होतील, आणि त्यातलं बहुतेक सगळं कुणालाही वाचायला खुलं आहे. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या एका इंजिनियरने रात्री उशिरा, दुय्यम सर्व्हरवर आहोत अशा समजुतीने, मुख्य डेटाबेसचीच फाइल-डिरेक्टरी पुसली. सुमारे तीनशे जीबीतले साडेचार जीबी उरले. बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या. ऐनवेळी त्यातली एकही धड उपयोगी पडली नाही. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली आणि तेवढ्या सहा तासांच्या नोंदी गेल्या. लोक वेगवेगळ्या देशांत होते, तेव्हा सगळी दुरुस्ती एका सामाईक दस्तऐवजात लिहीत लिहीत केली गेली. तो दस्तऐवज सगळ्या जगाला उघडा होता, आणि काम यूट्यूबवर थेट दाखवलं. नंतरच्या अहवालात त्या इंजिनियरचं नाव दिलं नाही. दोष व्यवस्थेत शोधला.

प्रत्येक कंपनी इतकी मोकळी नसते. पण रुजू होण्याआधी एक प्रश्न विचारून अंदाज घेता येतो: मागच्या मोठ्या बिघाडानंतर लिहिलेलं टिपण नवीन माणसाला वाचायला मिळतं का? उत्तर अडखळत आलं तर समजा, इथली माहिती लोकांच्या डोक्यात राहते. आणि ती डोकी अमेरिकेत आहेत.

मराठी माध्यमातून आलेल्या इंजिनियरना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. बोलण्याच्या इंग्रजीची धास्ती इथे बऱ्यापैकी कमी होते. लिहिताना विचार करायला वेळ मिळतो, वाक्य खोडता येतं, उच्चार आडवा येत नाही. गुळगुळीत बोलणाऱ्यापेक्षा नेमकं लिहिणारा पुढे जातो. मात्र मीटिंगमध्ये आपली पाळी येईल म्हणून वाट बघू नका, ती येत नाही. मुंबईहून अमेरिकेला जाऊन परत यायला सिग्नलला साधारण दोनशे ते तीनशे मिलिसेकंद लागतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच जातो, त्यामुळे महागडा प्लॅन घेऊनही हा वेळ फारसा घटत नाही. तेवढ्या फटीत तिकडचे दोघे बोलून जातात. हात वर करायचं बटण त्यासाठीच आहे, ते वापरायला लाजू नये.

नेटचा विषय निघालाच आहे, तर वेगाची चिंता करू नका. एका व्हिडिओ कॉलला चारेक एमबीपीएस पुरतात. घात करतं ते खंडित होणं. वीज गेली की आपण इन्व्हर्टरवर बिनधास्त असतो, पण केबलवाल्याचा जो डबा पलीकडच्या इमारतीत किंवा खांबावर बसवलाय त्याला बॅकअप नसतो, आणि फायबर असूनही नेट जातं. म्हणून दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची हवी, शक्यतो मोबाइलची. राउटर आणि त्याच्याशेजारचा फायबरचा डबा, दोघांनाही छोटा यूपीएस हवा. एकालाच दिला तर उपयोग नाही. कोकणात पावसाळ्याचे चार महिने हीच खरी गुंतवणूक. महावितरणचा नियोजित बंदचा एसएमएस आला की तो दिवस चॅटवर आधीच कळवून ठेवावा. समुद्राखालच्या केबलचं मात्र आपल्या हातात काही नाही. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा अख्ख्या भारताचं इंटरनेट मंदावलं होतं.

घरच्यांबद्दल थोडक्यात. ‘घरीच तर असतोस’ हे वाक्य येणार, गॅसवाला तुमच्याच नावाने येणार, लग्नाच्या याद्या तुमच्याकडे सोपवल्या जाणार. दार लावता येईल अशी खोली असेल तर बराचसा प्रश्न सुटतो. नसेल तर गावातली अभ्यासिका किंवा को-वर्किंगची जागा बघावी, पण रात्रीच्या कॉलला ती उघडी असेल का, ते विचारून.

बढतीबद्दल मात्र डोळे उघडे ठेवा. सगळेच दूर असतील तिथे प्रत्येकाचं काम लिखाणातूनच दिसतं. निम्मे ऑफिसात आणि तुम्ही एकटे घरी असाल तर निर्णय कॉफीच्या यंत्रापाशी होतात आणि तुम्हाला नंतर कळतात. आणि ‘रिमोट’ हे धोरण असतं, धोरणं बदलतात. याहूने २०१३ मध्ये घरून काम करणाऱ्यांना परत बोलावलं. टीसीएसने २०२० मध्ये जाहीर केलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांना ऑफिसात यावं लागणार नाही; २०२३ मध्ये आठवड्याचे पाचही दिवस यायला सांगितलं. म्हणून नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलंय ते वाचा. तिथे पुणे लिहिलं असेल आणि तुम्ही साताऱ्यात घराचं कर्ज काढणार असाल, तर आधी लेखी खुलासा मागा.

पगार तीन वाटांनी येतो. कंपनीची भारतात शाखा असेल तर सगळं ओळखीचं: पीएफ, ग्रॅच्युइटी, वर्षाला अडीच हजारांपर्यंत व्यवसायकर. शाखा नसेल तर डीलसारखी एखादी मधली संस्था कागदोपत्री तुमची मालक होते. काम एकाचं, पगारपत्रक दुसऱ्याचं, पण हक्क कर्मचाऱ्याचेच. तिसरी वाट कंत्राटदाराची. तुम्ही डॉलरमध्ये बिल पाठवता आणि अमेरिकन कंपनी डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरून घेते. काम भारतात बसून केलेलं असलं की त्या उत्पन्नावर सहसा तिकडचा कर लागत नाही. इकडचा आगाऊ कर मात्र स्वतः भरायचा. वर्षाची जमा वीस लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी करावी लागते. सेवा निर्यात होत असल्याने, ठरलेलं हमीपत्र दरवर्षी दिलं तर प्रत्यक्ष जीएसटी भरावा लागत नाही. बँकेकडून पैसे आल्याचा दाखला दर वेळी जपून ठेवा. डॉलरचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातून पीएफ, आरोग्यविमा आणि भरपगारी रजा वजा करूनच जुन्या पगाराशी तुलना करावी. गृहकर्जाच्या वेळी बँक पगारपत्रकाऐवजी दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागते, हेही लक्षात असू द्या. एखादा चांगला सीए पहिल्याच महिन्यात गाठा, मार्चमध्ये नको.

राहता राहिल्या सुट्ट्या. अमेरिकन कॅलेंडरवर नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं आणि नाताळात सगळं शांत होतं. गणपती आणि दिवाळी दर वर्षी सरकतात हे तिकडच्या मॅनेजरला माहीत असेलच असं नाही, म्हणून जानेवारीतच तारखा टाकून ठेवाव्यात. ऑन-कॉलच्या तक्त्यात लक्ष्मीपूजनाची रात्र तुमच्या नावावर आली असेल तर ती नाताळच्या आठवड्याशी बदलून मागा. या अदलाबदलीला तिकडचे लोक सहसा लगेच तयार होतात.