सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेताय? मीटरच्या आकड्याआधी ‘या’ गोष्टी तपासा

जाहिरात साधारण अशी असते. लाल किंवा पिवळी, दोन दारांची बुटकी गाडी. फोटो एखाद्या मोठ्या हॉटेलच्या पोर्चमधला. वय दहा-बारा वर्षं, रनिंग फक्त १४ हजार किलोमीटर आणि किंमत नव्या फॉर्च्युनरच्या आसपास. एवढ्या पैशांत पोर्शे मिळत असेल तर हरकत काय, असा विचार कुणाच्याही मनात येईल.

हरकत ही, की किंमत गाडीची उतरलेली असते, तिच्या सुट्या भागांची नाही. ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स हे सगळं आजही महागड्या गाडीच्याच दराने मिळतं. भारतातल्या बहुतेक स्पोर्ट्स कार परदेशातून तयार होऊन आलेल्या असतात. त्यामुळे एखादा भाग बाहेरून येईपर्यंत गाडी आठवडेच्या आठवडे गॅरेजमध्ये उभी राहू शकते. म्हणूनच अशी गाडी घेताना ती किती पळते यापेक्षा आजवर ती कुणी आणि कशी वापरली, हे कळणं जास्त महत्त्वाचं.

कमी रनिंग म्हणजे चांगली गाडी?

मारुती किंवा ह्युंदाई घेताना मीटरचा आकडा कमी असला की आपण खूश होतो. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत हा नियम चालेलच असं नाही. वर्षानुवर्षं कव्हरखाली उभ्या असलेल्या गाडीचे रबरी सील सुकतात, बॅटरी मरते, टायर एकाच जागी दबून राहतात. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. इथेनॉल हवेतला ओलावा शोषतं आणि जुन्या गाड्यांच्या इंधन नळ्या इतक्या इथेनॉलचा विचार करून बनवलेल्या नसतात. दर महिन्याला फिरवलेली आणि दरवर्षी ऑईल बदललेली ४५ हजार किलोमीटरची गाडी त्या १४ हजारवालीपेक्षा बरी निघू शकते.

शिवाय तो आकडा खरा आहे का, हे सर्व्हिसच्या बिलांवरूनच कळतं. प्रत्येक बिलावर तारीख आणि त्या दिवसाचं रीडिंग असतं. ते क्रमाने वाढत गेलेलं दिसलं पाहिजे. टायरच्या बाजूवरचे चार अंकही पाहा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. जाड नक्षी शिल्लक असली तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं आणि पावसात घाटात ते महागात पडतं.

इंजिन काय सांगतं?

प्रत्येक मॉडेलचं एक दुखणं असतं आणि ते आधीच माहीत करून घेता येतं. पोर्शेची बॉक्सटर हे त्याचं ठळक उदाहरण. १९९० च्या दशकाच्या अखेरपासून २००८ पर्यंतच्या बॉक्सटर आणि ९११ च्या बहुतेक इंजिनांमध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं एक बेअरिंग आहे. ते लहानसं बेअरिंग तुटलं तर अख्खं इंजिन निकामी होऊ शकतं. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्स उतरवून ते बदलता येतं. २००६ नंतरच्या अनेक गाड्यांमध्ये मात्र त्यासाठी इंजिनच उघडावं लागतं. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात हा शाफ्टच नाही. म्हणजे दिसायला जवळपास सारख्या दोन गाड्या, वयात एका वर्षाचा फरक, आणि धोका मात्र पूर्ण वेगळा. विकणाऱ्याने ‘बेअरिंग बदललंय’ असं सांगितलं तर बिल मागायचं. बिल नसेल तर ते बदललेलं नाही असंच धरून चालायचं.

दुसरी गोष्ट मॅन्युअल गिअरच्या गाड्यांची. वेगात असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा गिअर पडला तर चाकंच इंजिनला मर्यादेपलीकडे फिरवतात. तिथे रेव्ह लिमिटरचाही उपयोग नसतो. असं किती वेळा आणि इंजिनच्या कितव्या तासाला झालं, याची नोंद पोर्शेच्या अनेक मॉडेलांचा कॉम्प्युटर ठेवतो. तो अहवाल काढून घेता येतो. मालकाला आठवत नसलं तरी गाडीला आठवतं!

साधा ओबीडी स्कॅनरही उपयोगी पडतो. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही, पण स्कॅनरवर बहुतेक चाचण्या ‘अपूर्ण’ दिसत असतील तर जुने एरर कोड नुकतेच पुसले गेले असण्याची शक्यता असते. बॅटरी काढून लावली तरी असं होतं, म्हणून थोडी चालवून पुन्हा तपासा.

गाडी लिफ्टवर चढवून खालून बघणं तर अत्यावश्यकच. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर बुटक्या गाड्या घासतातच. प्रश्न फक्त प्लॅस्टिक घासलं की ऑईल संप, एवढाच असतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. आतल्या टोकाला गाळाचा डाग असेल तर गाडी पुरात उभी होती असं समजा.

स्वस्त नंबरप्लेट, महाग पासिंग

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिथल्या जुन्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. पुद्दुचेरीत कर कमी म्हणून तिथे नोंदवलेल्या महागड्या गाड्याही बाजारात दिसतात. पण गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथे नव्याने नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी भरायच्या कराचा हिशेब मूळ किमतीवरून सुरू होतो, वयानुसार त्यात सूट मिळते. आयात गाड्यांवर मूळ दरच २० टक्के आहे. त्यामुळे दिल्लीत वाचलेले पैसे इथल्या आरटीओत जाऊ शकतात. टोकन देण्याआधी हा आकडा काढून घ्या आणि जुन्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

कागदांत फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की गाडी कितव्या मालकाकडे आहे, बोजा आहे का, विमा कधीपर्यंत आहे, हे दिसतं. ई-चलनं वेगळी तपासावी लागतात.

विम्याकडे मात्र बरेच जण दुर्लक्ष करतात. गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण तसं जात नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर असताना बंपर फुटला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे विकणारा सांगतो तो हप्ता तुमचा नसतो. गाडी बघायला जाण्याआधीच स्वतःच्या नावाने विम्याचं कोटेशन मागवा. झिरो डेप्रिसिएशनचं कव्हर इतक्या जुन्या गाडीला मिळेल का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.